दर संक्रांतीला नवे पंख

माझे धाकटे जावई लढाऊ विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर आहेत. मागच्या महिन्यात रजेवर आले तेव्हा जेवणं झाल्यावर त्यांनी विमानांची चित्रं माझ्यापुढे मांडली. आधीच्या लढाईतलं विमान दोन मजली पंखांचं, मध्ये खांब आणि तारा. त्यानंतरचं एकाच पंखाचं. मग कुठे पंखांची टोकं गोल, कुठे छाटल्यासारखी, शेपूट कधी बुटकं तर कधी उंच.

"एक नीट हाताखाली येतं न येतं तोच दुसरं येतं," जावई कुरकुरले. "आहे ते चांगलं उडतंय. मग बदलतात कशाला?"

"समोरच्यानं काय बदललं असेल ते बघा की," मी म्हटलं.

जावई हसले. मुलगी म्हणाली, "आई, तुला गं काय ठाऊक?" तिला काय सांगायचं? लग्न होऊन मी गिरगावात आले तेव्हा विमान हा शब्दसुद्धा आम्ही फक्त पोथीत ऐकलेला होता. पण पंख का बदलतात आणि शेपूट का बदलतं, याखेरीज ज्यांच्या तोंडी दुसरा विषय नसे असे एक गृहस्थ माझ्या डोक्यावरच राहत होते. ते आमचे घरमालक. सगळी वाडी त्यांना मालकच म्हणे, म्हणून मीही इथे मालकच म्हणते.

मालक उंच आणि काटकुळे होते. मान कायम जराशी मागे टाकलेली. सतत वर बघून बघून ती तशीच राहिली होती. त्यामुळे डोक्यावरची पगडी मागे घसरायची आणि रस्त्यातून जाताना ती सावरायला त्यांचा एक हात अडकलेला असायचा. आकाशात घार दिसली की जागच्या जागी थांबायचे, मग ती जागा कुठलीही असो. एकदा ट्रामच्या रुळांवरच उभे राहिले. गाडीवान घंटा बडवतोय, घोडे फुरफुरतायत आणि मालक हात वर करून त्यालाच सांगतायत, "अरे थांब, ती वळतेय, वळू दे तिला!" दुसऱ्या एका सकाळी कोळणीच्या पाटीत पाय घातला. ती बाई खवळली. "वर काय मावरं वाळत घातलंय का हो, मालक?" म्हणाली. मालकांनी माफी मागितली नाही. "घारीनं नुसतं शेपूट पिळलं आणि वळली. पंख हलवलाच नाही. पाहिलंस तू?" असं तिलाच विचारलं. ती बाईसुद्धा मग वर बघायला लागली.

वारा बघायचा तर लोक बोट ओलं करतात. मालक कानाची पाळी ओली करायचे. बोट आपण हवं तिकडे फिरवतो, कान जागचा हलत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या लग्नात पंखा ओढणारा माणूस असला तर मालक उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. "कुणाच्या तरी हाताचा वारा. त्यात कळायचं काय?"

त्यांचं घराणं मुंबईतलं जुनं. वडील, आजोबा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. मालकांनीही थोडे दिवस कचेरी केली म्हणे. पण टेबल खिडकीशी मिळालं आणि काम संपलं! खिडकीतून बाहेर बघताना साहेबानं दोनदा हाक मारली तरी यांना ऐकू गेली नाही. तेव्हापासून ते घरीच होते. पतंग करत होते.

पतंग म्हणजे पोरांचा खेळ नव्हे. पेच लावायचे, कापाकापीचे पतंग. वर्षभर ते करायचे, आणि फक्त संक्रांतीच्या दिवशी उडवायचे. बाकी दिवस प्रयोग. कागद चिकटवायला मैद्याची खळ लागे. मालकीणबाईंना आम्ही काकी म्हणत असू. त्यांच्या हातची खळ गाठींची होई, आणि ती मुद्दाम गाठींची होते असा मालकांना दाट संशय होता. मी नवीन आलेली. एके दिवशी दाराशी येऊन, पाठ फिरवून उभे राहून त्यांनी विचारलं, "सूनबाई, खळ येते का करायला?" त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. आमच्यापुढच्या गॅलरीत त्यांचा पसारा असे. बांबूच्या कामट्या, कागद, दोरा. मी उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडायची आणि ऐकायची. माझ्याकडे न बघता ते बोलत राहायचे. सुनेशी बोलल्यासारखंही नाही आणि न बोलल्यासारखंही नाही, असं काहीतरी ते होतं.

एकदा मी म्हटलं, "हा पतंग छान झालाय."

"कोणापुढे?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "नुसता चांगला असा पतंग नसतो. घारीचे पंख बघ, लांब. ती दिवसभर न दमता तरंगते, कारण तिला मेलेलंच उचलायचंय. घाई कसली? आणि शिक्रा बघ. तो झाडांत शिरून चिमणी धरतो. लांब पंख घेऊन झाडांत शिरला तर मोडेल. म्हणून त्याचे पंख आखूड, आणि झटक्यात वळायला शेपूट लांब. आता घार चांगली का शिक्रा चांगला? चिमणी कुठे बसलीय ते आधी सांगा, मग मी सांगतो."

शेपटीचंही असंच. लहान मुलांच्या पतंगाला चिंधीचं लांब शेपूट असतं, यांच्या पतंगाला खाली नुसता कागदाचा तिकोनी तुकडा. मी कारण विचारलं. म्हणाले, "शेपूट पतंगाला सावरून धरतं. वाऱ्यानं ढकललं तरी पुन्हा जागेवर आणतं. पण जो ढकलल्यावर जागेवर येतो, तो मी ओढल्यावरही जागेवरच येणार ना? मग तो लढणार कसा? लढणाऱ्याला थोडं पडायच्या बेतात राहावं लागतं. शेपूट म्हणजे आई. पडू देत नाही, आणि लांबही..."

एवढं बोलून ते थांबले. कामटी खाली ठेवली आणि वर निघून गेले. त्या दिवशी पुन्हा आलेच नाहीत.

संध्याकाळी काकींनी मला त्याचं कारण सांगितलं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी समोर, जे घर होतं ते मालकांच्या थोरल्या भावाचं. हे मला तोवर माहीतच नव्हतं. दोघांची आई शेवटच्या दुखण्यात थोरल्यांकडे होती. थोरल्यांनी वैद्य लावला होता. मालकांचं म्हणणं डॉक्टर बोलवा. भावांचं भांडण होऊन डॉक्टर आला तोपर्यंत वैद्याचं औषध बंद झालं होतं, आणि डॉक्टरचं सुरू होण्याआधी आई गेली. थोरले म्हणाले, तू मारलीस. मालक म्हणाले, तुम्ही मारलीत. त्यानंतर एकही शब्द नाही. सणाला नाही, श्राद्धाला नाही. थोरल्यांची बायको वारली तेव्हाही नाही.

"मग बोलतात कधी?" मी विचारलं.

"संक्रांतीला," काकी म्हणाल्या. "बघशीलच."

आणि मी पाहिलं. आमचं घर समुद्राच्या बाजूला, थोरल्यांचं पूर्वेला. जानेवारीत गिरगावात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर चौपाटीकडून उलटा आत येतो. त्यामुळे सकाळी थोरल्यांचा पतंग आमच्या डोक्यावर यायचा आणि दुपारी मालकांचा त्यांच्या डोक्यावर जायचा. सकाळचा वारा नाजूक, दुपारचा दांडगा. थोरले बुटके, रुंद, मिशाळ. त्यांच्या गच्चीवर फिरकी धरून त्यांचा मुलगा उभा असे. विशीतला, हसरा, कॉलेजात जाणारा. काकांकडे बघून तो चोरून हात हलवायचा, आणि मालक ते न पाहिल्यासारखं करून पगडी सावरायचे.

मी पाहिलेल्या पहिल्या वर्षी मालकांचा पतंग रुंद पंखांचा होता. दिसायला देखणा. थोरल्यांनी आखूड, अरुंद पतंग काढला, सुसाट वरून खाली आणला आणि मालकांचा दोरा कापला. मालक त्या दिवशी जेवलेही नाहीत. दुसऱ्याच दिवशी गॅलरीत बसून पंख आखूड करायला लागले.

पुढच्या वर्षी त्यांचा पतंग थोरल्यांच्यापेक्षाही चपळ होता. पण दुपारचा वारा सुटला आणि तो भिंगरीसारखा फिरत सुटला. त्याला कापायचीही गरज पडली नाही. "चपळपणा मागितला आणि थारा गेला," मालक म्हणाले. "दोन्ही मागायचे तर तिसरं काहीतरी द्यावं लागेल." त्यांनी सहा-सात महिने दुसरं काही केलं नाही. शेवटी आडव्या वाकवलेल्या कामटीची, म्हणजे कमानीची, टोकं तासून तासून इतकी बारीक केली की वाऱ्याचा झोत आला की पंखांची टोकं मागे वाकायची आणि पतंग शहाण्यासारखा उभा राहायचा. झोत गेला की टोकं सरळ, आणि पतंग पुन्हा चपळ. त्या संक्रांतीला थोरल्यांचा पतंग कापला गेला. तो पूर्वेकडे वाहत गेला, पण थोरले गच्चीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून मालकांचा पतंग उतरेपर्यंत त्याच्याकडेच बघत उभे राहिले.

"हरले म्हणून वाईट वाटलं असेल," मी काकींना म्हटलं.

"छे! टोकं कशी केली ते बघतायत."

खरंच होतं ते. पुढच्या वर्षी थोरल्यांच्या पतंगाचीही टोकं वाकत होती. शिवाय त्यांनी मांजा बदलला होता, जाड आणि खरखरीत. जाड मांजा ओढून धरायचा तर पतंगाला जोर हवा, म्हणून पंख पुन्हा थोडे रुंद. म्हणजे मालकांनी तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेला रुंद पंख थोरल्यांनी नव्या कारणासाठी परत आणला होता. मालक हे बघून इतके खूश झाले की हरल्याचं विसरून काकींना हाका मारायला लागले, "अगं ये, बघ, बघ दादानं काय केलंय!" मग एकदम आपण काय बोललो ते लक्षात आलं आणि पगडी सावरायला लागले.

मला वाटतं, त्या दोघांना एकमेकांची सगळी खबर होती. कुणाच्या हाताला यंदा संधिवात आहे, कुणाची नजर मंद झालीय, कोण रागात आहे, कोण उदास, हे सगळं त्या दोऱ्यावरून कळत असणार. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, एकदा सहज म्हणाले होते, "रोज बोलणारे भाऊसुद्धा एकमेकांचा इतका विचार करत नसतील."

मग मुंबईत गाठीचा ताप, प्लेग, आला. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी थोडंच सांगते. वाड्या रिकाम्या झाल्या. ज्याला गाव होतं तो गावी पळाला. आमच्या वाडीतल्या राहिलेल्या लोकांना दादरच्या पुढे, शीवच्या वाटेवरच्या उघड्या माळावर झोपड्या बांधून दिल्या. कुडाच्या भिंती आणि वर झावळ्या. आम्ही, मालक, काकी. आणि थोरले. एकटे.

त्यांचा तो हसरा मुलगा साथीच्या सुरुवातीलाच गेला होता. सकाळी ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मालक स्मशानात गेले. लांब उभे राहिले. थोरल्यांनी अग्नी दिला तेव्हा मालक एक पाऊल पुढे झाले होते असं आमच्या घरचे सांगतात. पण थोरल्यांनी वळून पाहिलं नाही, आणि ते पाऊल तिथेच राहिलं.

माळावर दोघांच्या झोपड्या शेजारी आल्या. मध्ये चार हात जागा. गिरगावात अख्खी वाडी मध्ये होती, इथे कुडाच्या आडून एकमेकांचा खोकला ऐकू येई. थोरले झोपडीबाहेर येत नसत. काकी पदर पुढे ओढून दाराशी ताट ठेवून यायच्या. "भावोजी, दोन घास खा." संध्याकाळी ताट तसंच. कधी एखादी भाकरी मोडलेली, तीही बहुधा कावळ्यांनी. पंधरा-वीस दिवसांत त्या रुंद माणसाचा अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा लोंबायला लागला. डॉक्टर येऊन तपासून गेला. ताप नाही, गाठ नाही. "जेवत नाहीत एवढंच," म्हणाला. काकी माझ्याजवळ रडल्या. "असेच जातील गं ते. आणि हे बघत बसतील."

मालक खरंच बघत बसले होते. झोपडीच्या दारात गुडघे पोटाशी घेऊन, शेजारच्या दाराकडे. आकाशात घारी फिरत होत्या, पण त्या दिवसांत त्यांनी वर पाहिल्याचं मला आठवत नाही.

संक्रांत जवळ आली. घरात मृत्यू झालेला, सण करायचा प्रश्नच नव्हता. आणि एका सकाळी मी पाहिलं तर मालक कुडाची एक कामटी उपटून तासत होते. मला म्हणाले, "सूनबाई, खळ आहे का?"

काकी धावत बाहेर आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "पुतण्या जाऊन पुरते दोन महिने नाही झाले. लोक थुंकतील तोंडावर. आणि भावोजी आत पडलेत, त्यांच्या डोळ्यांसमोर पतंग उडवणार तुम्ही?"

"हो," मालक म्हणाले. "त्यांच्याच डोळ्यांसमोर."

काकी माझ्याकडे वळल्या. "तू खळ देऊ नकोस हिला... यांना." रागानं त्यांचे शब्दसुद्धा उलटसुलट झाले. मी काय करावं मला कळेना. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ते कधी थेट बघत नसत. मी आत गेले आणि चुलीवर मैदा ठेवला. काकी त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

तो पतंग मालकांच्या हातचा वाटतच नव्हता. वर्तमानपत्राचा जाड कागद, लोंबणारे पंख, ओबडधोबड कमान. आणि खाली माझ्या जुन्या लुगड्याची फाडलेली चिंधी, हातभर नव्हे, चांगली दोन पुरुष लांब. मांजा नव्हताच, साधा शिवायचा दोरा. दुपारचा वारा सुटला तसा मालकांनी तो उडवला. जड बैलासारखा तो वर गेला आणि एका जागी उभा राहिला. शेपूट होतं ना! हलेचना. मालक मागेपुढे, डावीउजवीकडे सरकत राहिले. मला आधी समजेना काय चाललंय. मग दिसलं. पतंगाची सावली जमिनीवरून सरकत होती, आणि ती त्यांनी हळूहळू आणून थोरल्यांच्या दारात ठेवली. लांब शेपटीची सावली उंबऱ्यावर हलायला लागली.

माळावरचे लोक बाहेर येऊन बघत होते. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "लाज नाही का?" मालकांनी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोच पतंग उडवला, पुन्हा तीच सावली. ऊन उतरायला लागलं होतं. मी आशा सोडून चुलीकडे वळले होते, तेवढ्यात काकींनी माझा दंड घट्ट धरला.

थोरले दारात उभे होते. कुडाला धरून, डोळ्यांवर हात घेऊन वर बघत. खूप वेळ बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "हे मागे काय लावलंयस?"

मालकांनी वरची नजर काढली नाही. "शेपूट."

"शेपूट आहे ते दिसतंय मला. पतंग आहे का बैल? या वयात शेपूट लावतोस?"

"त्याशिवाय राहत नव्हता, दादा."

"राहील कसा? उजवी बाजू जड आहे. इथून दिसतंय मला आणि तुला हातात धरून दिसत नाही? उतरव. उतरव तो, बघवत नाही."

मालकांनी पतंग उतरवला. थोरले खाली बसले. चाकू मागून घेतला आणि उजव्या बाजूची कामटी तासायला लागले. तासता तासता चाकू थांबला. त्यांचे खांदे हलायला लागले. मालक त्यांच्या समोर पतंग धरून बसले होते, तसेच बसून राहिले. जवळ गेले नाहीत, पतंगही सोडला नाही. बऱ्याच वेळानं थोरल्यांनी पालथ्या हातानं तोंड पुसलं आणि पुन्हा तासायला घेतलं. काकींनी पेजेचा वाडगा त्यांच्या बाजूला नेऊन ठेवला. "हं," म्हणून त्यांनी तो उचलला आणि कामटीकडे बघत बघत पिऊन टाकला.

पुढे केव्हातरी मी मालकांना विचारलं, "इतक्या वर्षांच्या हाताला उजवी बाजू जड कशी झाली?"

"ठेवावी लागली," ते म्हणाले. "मी आजवर सगळे पतंग दादाला हरवायला केले. तो एकच असा केला की दादाला त्यात चूक सापडावी. सगळ्यात अवघड तोच गेला."

आईविषयी ते दोघे कधी बोलले का, मला ठाऊक नाही. मी ऐकलं नाही.

साथ ओसरल्यावर आम्ही गिरगावात परतलो. पुढच्या संक्रांती पहिल्यासारख्याच, फक्त आता पतंगांबरोबर शिव्याही एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाऊ लागल्या. फिरकी धरायला थोरल्यांकडे कुणी नव्हतं, म्हणून काकी तिकडे जाऊन उभ्या राहत. बायको थोरल्या दिराची फिरकी धरते आणि नवऱ्याचा पतंग कापला की हसते, हे वाडीला फार दिवस बोलायला पुरलं. पंख बदलत राहिले. एक वर्ष लांब, एक वर्ष आखूड. खालचा तिकोनी तुकडा कधी मोठा, कधी अगदी नखाएवढा. उगाच हौस म्हणून एकही बदल झाला नाही. प्रत्येक बदल हे मागच्या वर्षीच्या एखाद्या वाक्याचं उत्तर असे.

शतक उलटल्यावर थोड्याच वर्षांत थोरले गेले. म्हातारपणानं, अंथरुणावर, भाऊ उशाशी बसलेला असताना. ते गेल्यावरची सुतकाची संक्रांत तशीच गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मालक गच्चीवर गेले. मी खालून पाहिलं आणि मला चुकल्यासारखं झालं. पतंग तोच होता. दोन वर्षांपूर्वीचाच पंख, तीच टोकं, तोच तुकडा. त्यांनी तो वर नेला, कुणाशी पेच लावला नाही, थोड्या वेळानं उतरवला. त्यानंतरच्या वर्षीही तोच.

"यंदा बदलला नाहीत?" मी विचारलं. तोवर मी दोन मुलांची आई झाले होते आणि त्यांच्याशी उंबऱ्याबाहेर येऊन बोलत होते.

"कशाला बदलू?" मालक म्हणाले. "यात खोट काय ते सांगणारा गेला."

त्यांची मान आता मागे नव्हती. इतर म्हाताऱ्यांसारखीच पुढे आली होती. रस्त्यात पगडी सावरावी लागत नव्हती. ट्राम आली की वेळेवर बाजूला होत होते. हे बघून वाडीतले लोक म्हणत, मालक सुधारले. काकी मात्र ते ऐकून आत निघून जायच्या.

त्या पावसाळ्यात मी बांबू आणला. बाई माणसानं पतंग करायचा म्हणजे त्या काळात काय होतं हे आता सांगून कळायचं नाही. आमच्या घरच्यांना मी रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ताटातून मान वर केली. "पडशील," एवढंच म्हणाले. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "फिरकी मी धरतो."

संक्रांतीला सकाळी काकींनी थोरल्यांच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. "जा तू. पोरांचं मी बघते." आम्ही दोघं त्या गच्चीवर गेलो. मी पदर खोचला आणि पतंग सोडला. खाली वाडीत बायका तोंडाला हात लावून उभ्या होत्या. समोरच्या गच्चीवर मालक आपला तोच जुना पतंग घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग कानाची पाळी ओली केली.

माझा पतंग कापायला त्यांना फार कष्ट पडले नाहीत. तो गेला, आणि मागोमाग वाडीवरून त्यांचा आवाज आला. थोरले गेल्यापासून असा आवाज त्यांनी काढला नव्हता.

"सूनबाई! कमान जड केलीस! टोकं तास, टोकं! आणि ओढतेस काय, विहिरीतून पाणी काढतेयस का?"

पुढच्या संक्रांतीला त्यांचा पतंग बदललेला होता. त्याच्या पुढच्याही. मी दर वर्षी हरत होते आणि दर वर्षी जरा उशिरा हरत होते. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सकाळचा वारा थांबतो आणि दुपारचा सुरू होतो, त्याच्या मध्ये थोडा वेळ हवा अगदी पडते. दोघे भाऊ त्या वेळेला जेवायला उतरत, म्हणून त्या वेळेसाठी पतंग कुणी केलाच नव्हता. मी केला. कागद सगळ्यात पातळ, पंख घारीसारखे लांब, खाली तुकडा जवळजवळ नाहीच. सकाळच्या वाऱ्यात मी पेच टाळत राहिले. मालक ओरडत होते, "पळतेस काय?" हवा पडली. त्यांचा पतंग जड होऊन खाली यायला लागला, माझा तसाच तरंगत राहिला. मी वरून दोरा आणला आणि ओढला.

त्यांचा पतंग पडत्या हवेत वाहूनसुद्धा गेला नाही. सरळ खाली कौलांवर उतरला. आमच्या घरचे फिरकी टाकून टाळ्या वाजवायला लागले. मी समोर पाहिलं, तर मालक गच्चीवर नव्हते. मला भीती वाटली. सत्तरीच्या घरातला माणूस, मी काय करून बसले? आम्ही घाईनं कुलूप लावून घरी आलो.

मालक आमच्या दारात उभे होते. धापा टाकत. पाठ फिरवून नव्हे, समोर तोंड करून. पगडी मागे घसरलेली.

"पंख लांब केलेस," ते म्हणाले.

"हो."

"तुकडा काढलास खालचा. आणि तरी थारा राहिला?"

"हवाच नव्हती ना ढकलायला."

मालक मग हसले. त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. काकी वरून तिळगुळाची वाटी घेऊन आल्या, ती त्यांनी घेतलीच नाही. गॅलरीत जाऊन, आपल्या जुन्या जागी मांडी घालून बसले आणि कोपऱ्यातला बांबू ओढून तासायला घेतला. संक्रांतीला अजून पुरतं एक वर्ष होतं.